लिनक्स भरवशाने चालवेल असा एम्बेडेड प्रोसेसर कोणता घ्यावा?

द्राक्षवेल

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा माझा पहिलाच धागा. थोडा लांबला आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं भाऊ तासगावजवळ कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं वर्कशॉप चालवतो. आमच्या भागात बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं भरपूर. एकेका खोलीत शेकडो शेतकऱ्यांचा माल चार-पाच अंशांवर महिनोन्‌महिने ठेवलेला असतो. तीन वर्षांपूर्वी आम्ही त्यासाठी एक कंट्रोलर बनवला. आरएस-४८५ वर (लांब अंतराची तारेची जोडणी) आठ तापमान सेन्सर, कॉम्प्रेसरच्या कॉन्टॅक्टरला (मोठ्या विजेचा स्विच) रिले, फोरजी मोडेम आणि मालकाला मोबाईलवर दिसेल असं वेबपेज. आत बाजारात सहज मिळणारा, मेमरी कार्डवर लिनक्स चालवणारा तळहाताएवढा बोर्ड होता. प्रोग्राम पायथॉनमध्ये.

अशी अकरा यंत्रं बसवली. दोन हंगामांत चार ठिकाणी कार्ड खराब झालं. ते बदलून देत होतो. पण गेल्या मे महिन्यात एका ठिकाणी रात्री वीज तीन-चार वेळा गेली-आली आणि बोर्ड अर्धवट बूट होऊन तिथेच अडकला. रिले बंद, कॉम्प्रेसर बंद. सकाळी खोलीचं तापमान १४ अंशांवर होतं. माल वाचला, पण स्टोरेजचे मालक, वयस्कर गृहस्थ, एवढंच म्हणाले, "बाळ, ह्यातला एकही दाणा माझा नाही. लोकांनी विश्वासानं ठेवलाय." त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही.

आता नवीन बोर्ड स्वतः बनवायचा आहे. पुढची दहा-पंधरा वर्षं चालायला हवा. पॅनलच्या आत उन्हाळ्यात ६० अंशांपर्यंत तापमान जातं. प्रोसेसर कोणता घेऊ? गिगाहर्ट्झ जास्त असलेला घेतला तर हँग होणं कमी होईल का? एका विक्रेत्याने क्वाड-कोर सुचवला आहे.

---

रातराणी

धागा आवडला. मी गेली बारा वर्षं वीजमीटर आणि डेटा लॉगरच्या कामात आहे, म्हणून आधी एक प्रश्न. तुमच्या यंत्रातल्या कोणत्या कामाला लिनक्स लागतं?

वेबपेज, मोडेम, टीएलएस (इंटरनेटवरची सुरक्षित जोडणी), दुरून अपडेट ही लिनक्सची कामं, मान्य. पण "तापमान सहाच्या वर गेलं की कॉन्टॅक्टर ओढ, किमान तीन मिनिटं थांबल्याशिवाय कॉम्प्रेसर परत चालू करू नको" ह्याला लिनक्स कशाला? हे काम आठ-दहा रुपयांची... नाही, किंमत सोडा, अगदी साध्या मायक्रोकंट्रोलरचं आहे.

प्रोसेसर निवडायच्या आधी कागदावर रेघ मारा. डावीकडे "हे बंद पडलं तर माल जाईल", उजवीकडे "हे बंद पडलं तर मालकाचा फोन येईल". दोन्ही बाजूंची कामं एकाच प्रोसेसरवर ठेवू नका.

---

द्राक्षवेल

रातराणीताई, रेघ मारली. डावीकडे चारच गोष्टी आल्या: दोन सेन्सर वाचणं, रिले, तीन मिनिटांचा टायमर आणि भोंगा. बाकी सगळं उजवीकडे. इतका सोपा विचार आम्ही तीन वर्षांत केला नव्हता.

---

तारायंत्र

रातराणी यांच्याशी पूर्ण सहमत. आता उजव्या बाजूबद्दल लिहितो. सविस्तर लिहितो, कारण "कोणता प्रोसेसर" ह्याची उत्तरं देताना लोक थेट चिपची नावं सांगतात आणि ती नावं कशावरून ठरली ते मागेच राहतं.

पहिली गोष्ट एमएमयू, म्हणजे मेमरी मॅनेजमेंट युनिट. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला वाटतं की सगळी मेमरी आपलीच. हा पडदा एमएमयू उभा करतो. तुमच्या वेबसर्व्हरमध्ये पॉइंटर चुकला तर एमएमयू तिथेच पकडतो, ती एक प्रोसेस मरते, बाकीचं चालू राहतं. एमएमयू नसेल तर तोच चुकलेला पॉइंटर कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) मेमरीत लिहून जातो, आणि यंत्र दोन तासांनी भलत्याच ठिकाणी कोसळतं. कारण शोधता शोधता महिने जातात.

आर्मच्या कॉर्टेक्स-एम ह्या मायक्रोकंट्रोलर घराण्यात एमएमयू नसतो. एसटीएम३२एफ४२९ ला बाहेरून ८ मेगाबाइट एसडीरॅम जोडून लिनक्स बूट करता येतं, आणि लोक ते करतातही. पण तिथे फोर्क (चालू प्रोसेसची स्वतंत्र प्रत काढणं) नसतो, फक्त व्हीफोर्क. मेमरीचे तुकडे पडत गेले की काही दिवसांनी सलग जागाच मिळत नाही. शिकायला उत्तम. शेतकऱ्याच्या मालावर लावू नका. कॉर्टेक्स-एम३, एम४ वर बहुधा एमपीयू मिळतो, मेमरीला साधारण आठ विभागांचं कुंपण. फ्रीआरटीओएस किंवा झेफिरसारख्या आरटीओएसला (वेळेचं बंधन पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टम) ते पुरतं, लिनक्सला नाही.

म्हणजे लिनक्ससाठी कॉर्टेक्स-ए घराणं किंवा त्याच्या तोडीचं काही. त्यातही तुमच्या कामाला क्वाड-कोर लागत नाही. उलट त्याची उष्णता ६० अंशांच्या बंद पॅनलमध्ये जाणार कुठे? हँग होण्याचा गिगाहर्ट्झशी काही संबंध नाही. एक कोर, ५०० ते ८०० मेगाहर्ट्झ, २५६ मेगाबाइट रॅम एवढ्यात तुमचं काम आरामात बसतं. रॅममध्ये मात्र कंजुषी नको. ३२ मेगाबाइटमध्येही लिनक्स उठतं, पण वर पायथॉन, टीएलएस आणि मोडेमचं सॉफ्टवेअर चढलं की मेमरी संपते आणि कर्नल स्वतःच एखादी प्रोसेस मारतो. कोणती मारेल ते त्याचं तो ठरवतो.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी: त्या चिपला मूळ लिनक्स कर्नलमध्ये आधार आहे का? चिप कंपनी स्वतःचं सॉफ्टवेअर देते, त्याला बीएसपी म्हणतात. पुष्कळदा ते एखाद्या जुन्या कर्नलवर हजारो बदल चढवून केलेलं असतं आणि तिथेच गोठतं. ऑलविनरच्या जुन्या चिपचं अधिकृत बीएसपी ३.४ कर्नलवर होतं. त्या चिप मूळ कर्नलमध्ये आल्या त्या लिनक्स-सनक्साय ह्या स्वयंसेवकांच्या समूहाने वर्षानुवर्षं कष्ट केले म्हणून. ते बीएसपी घेऊन आज यंत्र इंटरनेटला जोडलंत तर सुरक्षेच्या दुरुस्त्या कोण देणार?

तुमच्या यादीतली प्रत्येक चिप मूळ कर्नलच्या डिव्हाइस ट्रीच्या फाइलींमध्ये (बोर्डवर काय काय आहे त्याचं वर्णन) शोधा. तिथे इथरनेट, यूआर्ट (सिरीयल पोर्ट), एमएमसी (साठवण), वॉचडॉग (यंत्र अडकलं की रीसेट करणारा टायमर) हे सगळं कंपनीच्या पॅचशिवाय चालत असेल तरच पुढे जा. मी हे आधी करतो, डेटाशीट नंतर उघडतो.

नावंच हवी असतील तर तीन देतो. एनएक्सपीचा आय.एमएक्स ६ यूएलएल: एक कॉर्टेक्स-ए७, आठ यूआर्ट, दोन इथरनेट. टीआयचा एएम३३५एक्स: कॉर्टेक्स-ए८, २०१३ पासून बीगलबोन ब्लॅकवर असल्यामुळे त्याचे कानेकोपरे लोकांनी धुंडाळलेले आहेत. आणि एसटीचा एसटीएम३२एमपी१: २०१९ चा, ए७ बरोबर एक कॉर्टेक्स-एम४ सुद्धा आत. तिन्हींना मूळ कर्नलमध्ये चांगला आधार आहे आणि औद्योगिक तापमानाच्या आवृत्त्या मिळतात. एनएक्सपी आपल्या दीर्घायुष्य कार्यक्रमात भागांना १० किंवा १५ वर्षांच्या पुरवठ्याची हमी देते. टीआय आणि एसटीचीही तशी धोरणं आहेत. ऑर्डर देताना नेमका तोच पार्ट नंबर यादीत आहे का ते बघा. घराण्याचं नाव बघून चालत नाही.

---

शून्यप्रहर

वाचनखूण साठवली. तारायंत्र सर, रिस्क-व्ही ह्या खुल्या प्रोसेसर मानकाबद्दल काहीच नाही? मी तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या लॅबमध्ये के२१० चा बोर्ड आहे. ६४ बिट, दोन कोर, ४०० मेगाहर्ट्झ आणि लिनक्स चालतं. शिवाय आपल्याकडे आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा आहेत. स्वदेशी प्रोसेसर का नको?

---

तारायंत्र

शून्यप्रहर, प्रश्न छान आहे, आणि तुमच्याच के२१० वरून सांगतो.

त्या चिपमध्ये रॅम एकूण ८ मेगाबाइट. एमएमयू आहे, पण तो रिस्क-व्हीच्या विशेषाधिकार मानकाच्या १.९.१ ह्या जुन्या मसुद्याप्रमाणे बनवलेला. पुढे मानक बदललं. म्हणून मूळ लिनक्समध्ये के२१० एमएमयू नसल्यासारखाच चालवला जातो. डेटाशीटवर "एमएमयू आहे" हे खरं, "लिनक्स चालतं" हेही खरं, पण दोन्ही एकत्र नाही. पुढे २०२१ मध्ये ऑलविनर डी१ आला, त्यातल्या सी९०६ गाभ्याने पेज टेबलातले मानकात राखीव ठेवलेले बिट आपल्या पद्धतीने वापरले. त्यासाठी कर्नलमध्ये खास दुरुस्ती घालावी लागली. नव्या वास्तुरचनेत हे होतंच. अशा वेळी मानक पक्कं झाल्यानंतर बनलेली चिप घ्यावी.

शक्ती आणि वेगाबद्दल मला मनापासून अभिमान आहे. शक्तीच्या एका चिपवर २०१८ मध्ये लिनक्स बूट झालं ती बातमी मी घरी सगळ्यांना वाचून दाखवली होती. त्याच प्रकल्पाची दुसरी चिप चंदीगडजवळच्या एससीएल ह्या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर बनली. वेगाचा तेजस३२ हा १०० मेगाहर्ट्झचा, २५६ किलोबाइट रॅमचा मायक्रोकंट्रोलर आहे. तो लिनक्सचा गडी नाही, पण रातराणींच्या रेघेच्या डाव्या बाजूला तो शोभेल. तुम्ही विद्यार्थी आहात, त्यावर एक तापमान नियंत्रक बनवून बघा आणि इथे लिहा. मी वाचेन.

---

म्युनिकर

इकडे पहाटे झाली आहे, पण धागा सोडवेना. मी वाहनांच्या कंट्रोलरमध्ये काम करतो. तारायंत्र यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींत तिसरी जोडतो: एराटा. म्हणजे चिप बाजारात आल्यावर कंपनीने स्वतः कबूल केलेल्या चुकांची यादी. डेटाशीट विकण्यासाठी लिहिलेली असते, एराटा अनुभवातून.

इंटेलने २०१३ मध्ये गॅलिलिओ बोर्ड आणला, त्यात क्वार्क एक्स१००० प्रोसेसर. त्याच्या लॉक उपसर्गाच्या सूचनेत दोष होता: त्या सूचनेच्या वेळी पेज फॉल्ट (हवं ते मेमरीचं पान जागेवर नसणं) आला तर बिनचूक प्रोग्रामसुद्धा सेगमेंटेशन फॉल्टने मरायचा. थ्रेड वापरणाऱ्या जवळपास प्रत्येक प्रोग्राममध्ये ती सूचना असते. त्यामुळे नेहमीचं डेबियन जसंच्या तसं विश्वासाने चालेना. लोकांनी लायब्ररींमधून तो उपसर्ग काढून टाकायचे मार्ग शोधले. ज्याला हा एराटा माहीत नव्हता तो आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसला. आणि २०१७ मध्ये इंटेलने गॅलिलिओ, एडिसन, ज्यूल हे तिन्ही बोर्ड बंद केले. ज्यांनी उत्पादनात वापरले होते त्यांची पुढची सोय? काही नाही.

दुसरं उदाहरण इंटेलच्याच ॲटम सी२००० ह्या चिपचं. एव्हीआर५४ ह्या एराटानुसार त्याचं घड्याळ देणारं आउटपुट काही काळाने क्षीण व्हायचं आणि यंत्र कायमचं बंद पडायचं. २०१७ च्या सुरुवातीला हे उघड झालं, तोवर ती चिप कितीतरी कंपन्यांच्या नेटवर्क उपकरणांत जाऊन बसली होती. चिपमधली दुरुस्ती नव्या स्टेपिंगमध्ये (सुधारित आवृत्तीत) झाली.

म्हणून नवीकोरी चिप पहिल्या वर्षी घेऊ नका. एराटाची यादी लांब आहे म्हणून घाबरूही नका. लांब यादी म्हणजे लोकांनी चिप वापरली आहे आणि कंपनी प्रामाणिकपणे लिहिते आहे. प्रत्येक ओळीपुढे "कर्नलमध्ये उपाय आहे का" एवढं तपासा.

अवांतर: प्रोसेसर निर्दोष असूनही ऑपरेटिंग सिस्टम कशी अडकते त्याचं मला सगळ्यात शिकवणारं वाटलेलं उदाहरण मंगळावरचं आहे. जानेवारी २००४, स्पिरिट रोव्हर, उतरून तीन आठवडेही झाले नव्हते. व्हीएक्सवर्क्स ऑपरेटिंग सिस्टम, १२८ मेगाबाइट रॅम, २५६ मेगाबाइट फ्लॅश. फ्लॅशवरच्या फाइलींची संख्या वाढत गेली, त्यांची सूची रॅममध्ये ठेवायची असल्यामुळे रॅम संपली, यंत्र रीसेट झालं. उठल्यावर पुन्हा तीच फ्लॅश माउंट (वापरासाठी जोडून घेणं), पुन्हा रॅम संपली, पुन्हा रीसेट. पृथ्वीवरच्या लोकांनी त्याला फ्लॅश माउंट न करता उठायचा आदेश दिला, जुन्या फाइली पुसल्या आणि रोव्हर पुढे अनेक वर्षं चालला. द्राक्षवेल, तुमच्या यंत्रालाही "काहीही माउंट न करता उठ" अशी एक वाट ठेवा. तासगावला गाडी काढून जाता येतं, पण रात्री दोन वाजता कोण जाणार?

---

भोसरीकर

आमचं बोर्ड असेंब्लीचं काम आहे, त्यामुळे माझं बोलणं सोल्डरच्या बाजूचं. प्रोसेसर निवडताना स्वतःला विचारा की डीडीआर रॅमचं राउटिंग तुम्ही करणार का? डेटा लाइनींची लांबी जुळवणं, इम्पिडन्स, ०.८ मिलिमीटर पिचचा बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली चिप), सहा थरांचा बोर्ड. एक लाइन जराशी चुकली तर बोर्ड टेबलावर छान चालतो आणि मे महिन्यात पॅनल तापल्यावर आठवड्यातून एकदा कर्नल पॅनिक देतो. असे बोर्ड आमच्याकडे परत येतात, आणि त्यावर "प्रोसेसर खराब" असं लिहिलेलं असतं.

तुमची संख्या वर्षाला शे-दोनशे असेल तर दोन वाटा आहेत. एक, तयार मॉड्यूल घ्या, ज्यावर प्रोसेसर, रॅम, ईएमएमसी (बोर्डवरच बसणारी फ्लॅश साठवण) आणि पॉवरची चिप आधीच बसवलेली असते. तुम्ही फक्त खालचा साधा बोर्ड करायचा. दोन, रॅम आतच असलेली चिप. ऑक्टेव्होच्या ओएसडी३३५एक्समध्ये एएम३३५एक्स, डीडीआर३ आणि पॉवरची चिप एकाच पाकिटात आहेत. पॉकेटबीगल त्यावरच आहे. मायक्रोचिपच्या सामा५डी२ मध्येही रॅम आत असलेल्या आवृत्त्या मिळतात.

मॉड्यूल घेताना मेमरी कार्डची खाच असलेलं नको, ईएमएमसी सोल्डर केलेलंच घ्या. पहिलं कारण कंपनं, कॉम्प्रेसर शेजारीच असतो.

---

द्राक्षवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वहीत उतरवून घेतोय. एक शंका. एसटीएम३२एमपी१ मध्ये ए७ आणि एम४ दोन्ही आहेत. मग रातराणीताईंची रेघ एकाच चिपमध्ये मारता येईल ना? एम४ ला रिले, ए७ ला वेबपेज. एक चिप, एक खर्च.

---

शून्यप्रहर

+१, मलाही हेच विचारायचं होतं.

---

रातराणी

मोह होतो, मलाही झाला होता. पण बघा: त्या एम४ ला स्वतःची फ्लॅश नाही. त्याचा प्रोग्राम ए७ ने ईएमएमसीवरून वाचून त्याच्या रॅममध्ये भरायचा असतो, यू-बूट ह्या बूटलोडरमधून किंवा लिनक्स उठल्यावर. म्हणजे ईएमएमसी बिघडली, बूट अडकलं, की एम४ जागाच होत नाही. तुमची मे महिन्यातली रात्र नेमकी हीच होती. शिवाय पॉवर एक, रीसेट एक. मोटार फिरवायला, वेगाने सिग्नल मोजायला ती जोडी सुरेख आहे. कॉन्टॅक्टरसाठी मात्र मी वेगळी चिपच घेईन.

एसटीएम३२जी०७१ सारखी कोणतीही छोटी चिप: १२८ किलोबाइट फ्लॅश, ३६ किलोबाइट रॅम, स्वतःच्या वेगळ्या घड्याळावर चालणारा वॉचडॉग. फ्रीआरटीओएसचा गाभा साधारण ६ ते १२ किलोबाइट फ्लॅश घेतो, पण चार कामांसाठी तुम्हाला तोही लागणार नाही, साधा लूप पुरे. लिनक्सकडून यूआर्टवर सेटपॉइंट येईल. आला नाही तर शेवटचा माहीत असलेला वापरायचा. आणि ह्या छोट्या चिपला लिनक्स बोर्डाची वीज कापायचा अधिकार द्या: दहा मिनिटं "मी जिवंत आहे" असा निरोप आला नाही की वीज बंद, पाच सेकंद थांब, वीज चालू. हा निरोप पाठवताना फक्त टायमरवर पाठवू नका. सेन्सर वाचन खरंच झालं, नोंद खरंच लिहिली गेली, तरच पाठवा. नाहीतर मुख्य काम मेलेलं असतं आणि टायमर इमानेइतबारे ठोके देत राहतो.

आता साठवण. तुम्ही दर सेकंदाला फाइलीत ओळ लिहून लगेच सिंक करत असाल तर हिशेब मांडू. ओळ दोनशे बाइटची असली तरी जर्नल धरून समजा १६ किलोबाइट लिहिले जातात. दिवसाला जवळपास १.४ गिगाबाइट. ४ गिगाबाइटची ईएमएमसी, प्रत्येक ब्लॉक ३,००० वेळा पुसता येतो असं धरा, आणि छोट्या लिखाणामुळे आत दहापट झीज धरा. अडीच वर्षांत खेळ संपला. चार कार्डं का गेली त्याचं उत्तर बहुधा इथे आहे. नोंदी छोट्या चिपला जोडलेल्या एफरॅममध्ये (वीज गेली तरी न विसरणारी मेमरी) जमवा, ती झिजायची चिंता नाही, आणि ईएमएमसीवर दर दहा मिनिटांनी एकदाच लिहा. रूट फाइलसिस्टम स्क्वॉशएफएस, फक्त वाचायची. नोंदींसाठी वेगळं पार्टिशन. सिस्टमच्या दोन प्रती ठेवा, रॉक किंवा एसडब्ल्यूअपडेट ही अपडेटची साधनं वापरून. नवी प्रत तीनदा उठली नाही तर यू-बूट आपोआप जुनीवर जाईल.

आणि वीज गेल्यावर थोडा श्वास. २४ व्होल्टच्या लाइनवर ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि १० व्होल्टपर्यंत वापरला तर साधारण १.१ ज्यूल मिळतात. बोर्ड दोन वॅट घेत असेल तर जवळपास अर्धा सेकंद. वीज गेल्याचा इशारा मिळाल्याबरोबर लिखाण थांबवून सिंक करायला तेवढा पुरतो.

---

म्युनिकर

रातराणी यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा आहे.

एक राहिलं. पंधरा वर्षं म्हणताय, म्हणजे १९ जानेवारी २०३८ वाटेत येणार. ३२ बिटच्या चिन्हांकित संख्येत सेकंद मोजणारी घड्याळं त्या दिवशी उलटतात, आणि वर सुचवलेले सगळे प्रोसेसर ३२ बिटचे आहेत. ते वापरायला हरकत नाही: कर्नल ५.६ पासून पुढचा, सी लायब्ररी मसल असेल तर १.२ पासून पुढची, ग्लिबसी असेल तर २.३४ पासून पुढची आणि ६४ बिट वेळेचा पर्याय चालू करून सगळं नव्याने बांधलेलं. ईएक्सटी४ फाइलसिस्टमचे आयनोड (प्रत्येक फाइलीची माहिती ठेवणारी नोंद) १२८ बाइटचे ठेवू नका, २५६ चे ठेवा. आत्ता पाच मिनिटांचं काम आहे. कर्नल निवडताना सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म ह्या प्रकल्पाच्या कर्नल मालिका बघा, त्या निदान दहा वर्षं सांभाळायच्या बोलीवर चालतात.

---

द्राक्षवेल

मंडळी, सात महिन्यांनी धागा वर काढतोय.

आय.एमएक्स ६ यूएलएलचं मॉड्यूल घेतलं, औद्योगिक तापमानाचं, ईएमएमसी सोल्डर केलेलं. शेजारी छोटी एसटीएम३२. बिल्डरूट ह्या साधनाने लिनक्सची प्रतिमा बांधली, कंपनीचा एकही पॅच नाही. भावाने वीज कापायचं यंत्र बनवलं: एक रिले, जो मनाला येईल तेव्हा, अगदी बूट चालू असतानाही, वीज तोडतो आणि परत देतो. रात्रंदिवस चालू ठेवलं.

फाइलसिस्टम एकदाही बिघडली नाही. पण साधारण सहाशे वेळा झाल्यावर बोर्ड उठलाच नाही. यू-बूटचं एक अक्षरही कन्सोलवर नाही. वीज पूर्ण काढून लावली की व्यवस्थित. परत चारशे-पाचशे वेळांनी तेच. आम्ही दोन आठवडे रॅमवर संशय घेतला. शेवटी ऑसिलोस्कोप लावून बसलो तेव्हा दिसलं: वीज अगदी थोड्या वेळापुरती जाते तेव्हा ईएमएमसीची ३.३ व्होल्टची लाइन शून्यावर येतच नाही, दीड व्होल्टपर्यंत उतरून परत वर येते. प्रोसेसर रीसेट होतो, ईएमएमसी मात्र अर्धवट अवस्थेत तशीच अडकून राहते आणि बूट रॉमला (प्रोसेसरमधला सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) ती सापडत नाही.

मे महिन्यातली रात्रसुद्धा बहुधा हीच होती.

---

तारायंत्र

शाब्बास! हे शोधून काढलंत ह्याचा फार आनंद झाला. दोन उपाय, आणि दोन्ही करा. ईएमएमसीला रीसेटची स्वतंत्र पिन असते, पण ती मुळात निष्क्रिय असते. एक्सटी-सीएसडी ह्या ईएमएमसीच्या आतल्या सेटिंगच्या यादीत १६२ व्या बाइटमध्ये ती एकदाच, कायमची चालू करावी लागते. एमएमसी-युटिल्समध्ये त्यासाठी आज्ञा आहे. पुष्कळ बोर्डांवर तार जोडलेली असते आणि हा बाइट कोणी लिहिलेलाच नसतो. दुसरं, पॉवर लाइनवर असा लोड स्विच घाला जो बंद झाल्यावर लाइन स्वतः जमिनीकडे रिकामी करतो, आणि वीज नीट आहे का बघणाऱ्या सुपरव्हायझर चिपने रीसेट किमान दोनशे मिलिसेकंद धरून ठेवा.

---

द्राक्षवेल

सर, दोन्ही केलं. मॉड्यूलवर पिन बाहेर काढलेली होती, नशीब. त्यानंतर ५,००० वेळा वीज कापली. प्रत्येक वेळी उठला. पॅनलमध्ये बल्ब लावून ६५ अंशांवर आणखी हजार वेळा, तरीही उठला.

मागच्या आठवड्यात पहिला बोर्ड त्याच स्टोरेजमध्ये बसवला. मालकांसमोर लिनक्सच्या बोर्डाची केबल उपटून ठेवली. छोट्या चिपवर कॉम्प्रेसर आपल्या वेळेला चालू-बंद होत राहिला. ते अर्धा तास खुर्ची टाकून बघत बसले होते. जाताना बेदाण्याची पिशवी हातात दिली. बाकीचे दहा पुढच्या हंगामाआधी फुकट बदलून देणार आहोत.

---

भोसरीकर

वा! बॅच लावाल तेव्हा प्रत्येक बोर्डवर तो १६२ वा बाइट लिहिला गेलाय का हे टेस्ट जिगमध्येच तपासा. हाताने करायचं काम शंभरात एकदा राहतंच.

---

गोठ्यातला

उशिरा आलो. आमचं दूध संकलन केंद्र आहे, दोन बल्क कूलर. दूध चार अंशांवर राहायला हवं, वीज सारखी जाते. इंटरनेट नाही, पण फोनची रेंज आहे. मीही हाच आय.एमएक्स बोर्ड घेऊ का?

---

रातराणी

नको. तुमच्या कागदावर रेघेच्या उजवीकडे काही आहे का ते आधी बघा. फक्त तापमान चढल्यावर एसएमएस हवा असेल तर एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप आणि एक मोडेम, एवढंच. लिनक्स नाही, ईएमएमसी नाही, बूट व्हायची वाट बघणं नाही. मोडेम फोरजीवर चालणारा घ्या आणि त्याचीही वीज कापायची सोय त्या चिपच्या हातात ठेवा, कारण अशा जोडणीत पहिला अडकतो तो मोडेम. कूलरचा कॉम्प्रेसर सिंगल फेज आहे की थ्री फेज ते सांगा, मग कॉन्टॅक्टरचं बघू.